गोळी

सियागंजातलं एक दुकान कायमचं बंद होत होतं,
तिथून एकोणीस डबे आणले, वीस रुपयाला एक.
मरून, रुपेरी, एक कुठलासा मोरपंखी.
काहींच्या टोपणांवरचा रंगच उडालेला,
आत काय आहे ते फवारल्यावरच कळायचं.
तारीख सगळ्यांचीच टळून गेलेली.
तुमचीही, असं शरयू म्हणाली नाही;
पोह्यांवर शेव तेवढी जरा जोरात भुरभुरली.

डबा कानाशी धरून हलवला.
काही नाही.
आत एक गोळी असते, बोराच्या बीएवढी,
ती टकटकली की समजायचं रंग जागा आहे.
ही तळाच्या घट्ट गाळात रुतून बसलेली,
मानपानावरून रुसलेल्या विहिणीसारखी.
अर्धा तास हलवला.
खांदा निखळायला आला, गोळी नाही.

मग माळ्यावरून शिलाई मशीनची मोटर काढली.
(शरयूची. विचारून. जवळजवळ.)
सागाच्या फळीची एक चकती कापली
आणि तिला भोक पाडलं, मध्यापासून बोटभर बाजूला.
सांवेर रोडला एकतीस वर्षं खराद चालवला,
भोक केसभर सरकलं म्हणून पोरांना किती बोललो,
त्या सूर्यभानच्या तर हजेरीतून कापून घेतले.
तीच चूक आता पेन्सिलीनं खूण करून,
दोनदा मोजून, नीट केली.
चकतीला दांडा, दांड्याला पाळणा:
उभा चिरलेला पाइप, अन् डबा बांधायला
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.

पहिल्या रात्री बटण दाबलं तर टेबलच चालू लागलं.
खरंच. दारापर्यंत गेलं,
वायर पुरली नाही म्हणून थांबलं.
खालून गेंदालालजी ओरडले, "भिया, भूकंप है क्या?"

दुसऱ्या रात्री पायांशी विटा लावल्या.
पट्टी तुटली, डबा उडून पाण्याच्या टाकीवर आदळला.
फुटला नाही, हे त्याचे उपकार.

तिसऱ्या रात्री पट्ट्या दुहेरी,
पेडलवर पाय अर्धाच.
डुगडुग, डुगडुग, नुसतीच डुगडुग.
मग
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक् टक्,
आणि एकदम टकटकटकटक, थांबायलाच तयार नाही.
शरयू कणकेच्या हातांनी बाहेर आली.
"बोलली?"
"बोलली."

सकाळी गच्चीवर कूलर आडवा केला,
गंज घासून ठेवलाच होता.
डबा धरला, बोट दाबलं.
फुस्, तेही अर्धं.
रंग आत साईसारखा एकजीव झालेला,
पण त्याला बाहेर ढकलणारा वायू
कुठल्याशा फटीतून, वर्षाला थोडा थोडा,
केव्हाच निघून गेलेला.
मला हलवता आलं. फुंकर कुठून आणू?

एकोणिसातले सात तेवढे श्वास धरून होते.
कूलर पुढून रुपेरी झाला, एक कूस मरून,
पाठीवर मोरपंखी, तोही मध्येच संपला,
संपला तिथे पत्र्यावर नुसतं विरळ धुकं.

कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत आली.
बाकीचे डबे वेगळ्या कप्प्यात टाकताना
पोरानं एक कानाशी हलवून पाहिला.
"अंकल, इसमें तो माल भरा है."
काय सांगणार? म्हटलं, "हौ."

"मोटर परत लावून द्या," शरयू म्हणाली,
"कूलरला खोळ शिवायचीय.
हा रंग माझ्यानं उन्हाळाभर बघवणार नाही."

स्क्रू सोडवत बसलोय.
डबे अकराच दिले. बारावा खिडकीत आहे,
टोपणावरून रंग उडालेला.
येता-जाता हलवतो.